चौथ्या वर्षीचा पगार



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते फौजदारी वकील होते, म्हणून आजचा विषय फौजदारी न्यायाचा घेतला. कलमांविषयी मात्र मी फार बोलणार नाही. बोलणार आहे पैशाविषयी. पोलीस, सरकारी वकील, कोर्टं आणि तुरुंग यांचा खर्च कोण करतं, आणि पैसा देणारा त्या पैशाबरोबर आणखी काय काय पाठवतो, एवढाच माझा विषय. उदाहरण अमेरिकेचं घेतलंय. तिथे हा प्रयोग गेली साठ वर्षं उघड्यावर चाललेला आहे. त्याचे कायदे, हिशेब, खटले आणि फजित्या, सगळं छापील सापडतं.

आपल्याकडे माणूस गेला की त्याच्या नावानं व्याख्यान होतं, शिष्यवृत्ती निघते, फार तर एखाद्या चौकाला नाव मिळतं. अमेरिकेत एका पोलीस शिपायाच्या नावानं केंद्र सरकारचं अनुदान आहे. एडवर्ड बर्न हा न्यूयॉर्कचा नवशिका शिपाई, वय २२. क्वीन्समधल्या जमैका भागात गयानाहून आलेला एक माणूस आपल्या गल्लीतल्या अमली पदार्थ विकणाऱ्यांची पोलिसांकडे वारंवार तक्रार करत होता. त्याच्या घरावर पेटत्या बाटल्या फेकल्या गेल्या, तेव्हा दारात पहारा बसला. २६ फेब्रुवारी १९८८च्या पहाटे पहाऱ्याच्या गाडीत बर्न एकटाच बसला होता. मारेकऱ्यांनी गाडीजवळ येऊन त्याच्या डोक्यात गोळ्या घातल्या. हुकूम तुरुंगात असलेल्या एका म्होरक्यानं सोडला होता. ते अध्यक्षीय निवडणुकीचं वर्ष. थोरले जॉर्ज बुश प्रचारात बर्नचा पोलिसी बिल्ला जवळ बाळगत. नोव्हेंबरमध्ये अमली पदार्थविरोधी मोठा कायदा झाला आणि राज्यांना नि गावांना पोलिसी कामासाठी द्यायच्या अनुदानाला बर्नचं नाव दिलं गेलं. त्याचं रूप पुढे बदललं, २००५ साली दुसरं एक अनुदान त्यात मिसळलं गेलं, पण नाव आजही तेच आहे.

आता कोणी म्हणेल, न्यूयॉर्कचा पोलीस मारला गेला, तर वॉशिंग्टननं सरळ हुकूम काढायचा. तो काढता येत नाही, तिथूनच सगळी गोष्ट सुरू होते.

आपल्याकडे एका राज्याचं एक पोलीस दल असतं, त्याच्या डोक्यावर महासंचालक. अमेरिकेत सुमारे १८ हजार स्वतंत्र पोलीस यंत्रणा आहेत. गावाची वेगळी, परगण्याची वेगळी, राज्याची वेगळी, विद्यापीठाचीसुद्धा वेगळी. गावोगावच्या पोलीस खात्यांपैकी निम्म्या खात्यांत दहा पूर्णवेळ शिपाईही नसतात. परगण्याचा शेरीफ बहुतेक ठिकाणी मतं मागून निवडून येतो, जिल्ह्याचा सरकारी वकीलही तसाच. राष्ट्राध्यक्षाला जगातल्या कुठल्याही समुद्रात विमानवाहू नौका पाठवता येते, टेक्सासच्या एका शिपायाची बदली करता येत नाही.

१९९३ साली पिस्तूल विकत घेणाऱ्याची पूर्वपीठिका तपासायचा कायदा झाला आणि केंद्राची यंत्रणा उभी राहीपर्यंत हे काम गावोगावच्या शेरीफांवर टाकलं गेलं. माँटाना राज्यातले शेरीफ जे प्रिंट्झ आणि ॲरिझोनातले शेरीफ रिचर्ड मॅक कोर्टात गेले. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं की केंद्राला राज्याच्या अधिकाऱ्यांना असं वेठीला धरता येणार नाही. निकालपत्र न्यायमूर्ती स्कॅलियांचं. हा प्रिंट्झ निकाल लक्षात ठेवा, पुढे तो मजेशीर वळणावर भेटणार आहे.

हुकूम देता येत नाही, पण पैसे देऊन मन वळवता येतं. त्याचा निकाल १९८७चा. दारू पिण्याचं किमान वय २१ करा, नाहीतर महामार्गांच्या पैशातले पाच टक्के कापू, असं केंद्रानं राज्यांना सांगितलं होतं. साउथ डकोटा भांडलं आणि हरलं. अट पैशाशी निगडित असावी, आधीच स्पष्ट सांगितलेली असावी आणि ती जबरदस्ती ठरू नये, एवढं पाळलं की चालेल, असं कोर्ट म्हणालं. फौजदारी न्यायाच्या क्षेत्रात वॉशिंग्टनच्या हातात चाबूक नाही, थैली आहे.

आपल्या घटनेत सार्वजनिक सुव्यवस्था आणि पोलीस या राज्यसूचीतल्या पहिल्या दोन नोंदी, तुरुंग चौथी. आणि पोलीस दलांच्या आधुनिकीकरणाची केंद्राची योजना सुरू झाली १९६९-७० साली. अमेरिकेतला अशा अनुदानांचा मूळ कायदा त्याच्या आदल्या वर्षीचा. एकानं दुसऱ्याचं पाहून केलं, असं मी म्हणत नाही. दोघांची अडचण एक होती: खुर्ची दिल्लीत किंवा वॉशिंग्टनमध्ये, लोकांचा राग गल्लीत, आणि गल्लीतला शिपाई दुसऱ्याच्या ताब्यात.

१९६८ हे अमेरिकेचं वाईट वर्ष. एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून झाला आणि शंभरावर शहरं पेटली. जूनमध्ये रॉबर्ट केनेडींना गोळी लागली. ६ जूनला ते गेले आणि त्याच दिवशी संसदेच्या प्रतिनिधीगृहानं गुन्हेनियंत्रण आणि सुरक्षित रस्ते या नावाचा कायदा मंजूर केला. १९ जूनला अध्यक्ष जॉन्सन यांनी नाखुशीनं सही केली. नाखुशी दोन कारणांची. एक म्हणजे फोनवर चोरून ऐकण्याची मुभा कायद्यात घुसली होती. दुसरं कारण आपल्या कामाचं आहे. जॉन्सनना पैसा थेट शहरांना द्यायचा होता, संसदेनं तो राज्यांच्या हाती एकगठ्ठा दिला. शहरांचे महापौर एका पक्षाचे, राज्यांचे गव्हर्नर दुसऱ्या पक्षाचे, हा हिशेब त्यात होताच. महापालिकेचा निधी मंत्रालयात अडतो ही तक्रार आपल्याला नवी नाही.

या कायद्यानं पोलिसी कामाला साहाय्य देणारं एक खातं उभं केलं. पहिल्या वर्षी त्याच्याकडे साधारण सहा कोटी डॉलर होते, सातव्या वर्षापर्यंत ते नव्वद कोटींच्या घरात गेले. १९८२मध्ये खातं बंद झालं तोवर आठ अब्जांच्या आसपास डॉलर वाटून झाले होते. त्या खात्याची आज टवाळीच होते. प्रत्येक राज्यानं एक नियोजन कार्यालय काढायचं, त्यानं जाडजूड आराखडा पाठवायचा, आराखडा आला की पैसे सुटायचे, आणि मग बिनतारी संच, गाड्या, दंगलीची शिरस्त्राणं यांची खरेदी. कागदी घोडे पुष्कळ नाचले. इतिहासकार एलिझाबेथ हिंटन यांनी गरिबीविरुद्धच्या लढाईकडून गुन्हेगारीविरुद्धच्या लढाईकडे झालेल्या या प्रवासावर २०१६ साली पुस्तक लिहिलं. काळ्या वस्त्यांत शाळा-रोजगाराच्या कामावरसुद्धा हळूहळू पोलिसी नजर कशी बसली, हे त्यातून दिसतं.

तरी त्या खात्याला सरसकट मोडीत काढणं मला पटत नाही. लेस्टर शुबिन हे त्याच्या संशोधन शाखेतले गृहस्थ. मोटारीच्या टायरमध्ये पोलादाऐवजी घालायला म्हणून केव्हलार नावाचा धागा निघाला होता. शुबिननी त्याच्या घड्या घालून त्यांवर गोळ्या झाडून पाहिल्या. त्यातून शर्टाच्या आत घालता येईल असं हलकं चिलखत तयार झालं आणि काही शहरांत चाचणीसाठी वाटलं गेलं. डिसेंबर १९७५मध्ये सिअॅटलमध्ये किराणा दुकानाच्या रांगेत उभ्या असलेल्या एका पोलिसाच्या छातीवर दरोडेखोराची गोळी बसली आणि तो वाचला. कुठल्याही गावच्या पोलीस खात्याला स्वतःच्या पैशानं असलं संशोधन झेपलं नसतं. तसंच दुसरं काम पाहणीचं. पोलीस ठाण्यातल्या नोंदींवर न थांबता हजारो घरांत जाऊन ‘तुमच्यावर काय गुजरलं?’ असं विचारायला या खात्यानं १९७२-७३पासून सुरुवात केली. तेव्हा कळलं की गुन्ह्यांचा मोठा भाग पोलिसांपर्यंत पोचतच नाही. ती पाहणी आजही चालते. केंद्रानं काय करावं, याचं उत्तर मला या दोन गोष्टींत दिसतं. पण त्यांना मतं पडत नाहीत.

आता एक शंका घेऊ. राज्यं आणि गावं मिळून नुसत्या पोलिसांवर वर्षाला शंभर अब्ज डॉलरहून जास्त खर्च करतात. बर्न अनुदान अलीकडच्या वर्षांत काही दशकोटी डॉलरांचं, एकूण खर्चाच्या अर्धा टक्काही नाही. एवढ्याशा पैशानं काय होणार? मला वाटतं, फार होतं, आणि ते रक्कम लहान आहे म्हणूनच होतं. आपल्या घरी पगार येतो तो वाणी, शाळेची फी, वीजबिल आणि हप्ते यांत आल्या पावली जातो. घरात चर्चा होते ती दिवाळीच्या बोनसची. गावच्या पोलीसप्रमुखाचं अंदाजपत्रक तसंच असतं. पगार, निवृत्तिवेतन आणि पेट्रोल वजा जाता मोकळा पैसा उरत नाही. नवं काही करायचं तर ते अनुदानातूनच. मग अनुदानाच्या अर्जात जे विचारलंय तेच नवं काम ठरतं. १९८८नंतरच्या अर्जांत मुख्यतः विचारलं जात होतं: अमली पदार्थांच्या अटका किती, जप्ती किती, खटले किती.

याचं टोक पाहायचं तर टेक्सासमधल्या टुलिया गावी जावं लागेल.

टुलिया हे कापूस आणि गुरांच्या मुलखातलं पाच हजार वस्तीचं गाव. बर्न अनुदानावर त्या भागात अनेक परगण्यांचं एकत्र अमली पदार्थविरोधी पथक चालत होतं. त्या पैशावर परगण्याच्या शेरीफनं टॉम कोलमन नावाच्या माणसाला साध्या वेशात गावात सोडलं. अठराएक महिने तो हिंडला. त्याच्यापाशी ध्वनिमुद्रण नव्हतं, चित्रण नव्हतं, दुसरा साक्षीदार नव्हता. टिपणं आपण आपल्या पायावर लिहून ठेवत होतो, असं त्यानं पुढे सांगितलं. २३ जुलै १९९९च्या पहाटे धाडी पडल्या आणि ४६ जणांना उचललं. त्यांतले जवळपास ४० जण कृष्णवर्णीय, म्हणजे गावातल्या त्या वस्तीचा साधारण दहावा हिस्सा. काहींना अंथरुणातून तशाच अवस्थेत बाहेर काढलं आणि कॅमेरे हजर होते. धाडींत ना माल सापडला, ना शस्त्रं, ना पैसा. एवढे कोकेनचे व्यापारी एका लहानशा गावात राहतात आणि सगळे गरीब कसे, हा प्रश्न तेव्हा कोणाला पडला नाही.

पहिल्यांदा उभ्या राहिलेल्या आरोपींत डुकरं पाळणारा, पन्नाशी उलटलेला एक शेतकरी होता. ज्युरीनं त्याला ९० वर्षं दिली. आणखी एकाला सगळ्या शिक्षा मिळून तीनशेच्या वर. हे आकडे ऐकल्यावर बाकीच्यांनी काय केलं असेल? निर्दोष असूनही गुन्हा कबूल केला आणि कमी शिक्षा पदरात पाडून घेतली. ३८ जण दोषी ठरले. दरम्यान कोलमनला राज्याचा त्या वर्षीचा उत्कृष्ट अधिकारी म्हणून गौरवण्यात आलं. अर्जातल्या रकान्यात एका पहाटेत ४६ अटका! यापेक्षा चांगला आकडा कोण देणार?

गाठ सुटली ती अगदी साध्या कागदानं. आरोपींतली एक बाई दुसऱ्या राज्यात, ओक्लाहोमा सिटीत राहत होती. कोलमननं तिला ज्या दिवशी टुलियात माल विकताना पाहिल्याचं सांगितलं, त्या दिवशी ती ओक्लाहोमाच्या बँकेत व्यवहार करत होती आणि बँकेत त्याची नोंद निघाली. खटला मागे घ्यावा लागला. मग वकील जमले, वृत्तपत्रं जागी झाली. २००३च्या मार्चमध्ये न्यायाधीशांपुढे कोलमनची उलटतपासणी झाली, तेव्हा तो साक्षीला उभं करायच्या लायकीचा नाही, हे सरकारी बाजूनंही मान्य केलं. ऑगस्टमध्ये गव्हर्नर रिक पेरी यांनी ३५ जणांना माफी दिली. पथकाच्या कारभाराशी बांधलेल्या अमारिलो शहरानं ५० लाख डॉलर भरपाई देऊन पथक मोडलं. कोलमन २००५मध्ये खोट्या साक्षीबद्दल दोषी ठरला. त्याला शिक्षा झाली ती तुरुंगाबाहेर राहून देखरेखीची. ९० वर्षांची शिक्षा झालेला शेतकरी चार वर्षांच्या आसपास आत होता.

कोलमनला खलनायक करून मोकळं होणं सोपं आहे. मला त्याच्यापेक्षा रकान्यात रस आहे. वॉशिंग्टनमध्ये बसलेल्या कोणीही टुलियातल्या गरिबांना पकडा असं म्हटलं नव्हतं. त्यांनी फक्त आकडे मागितले होते. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला शेळ्यांची डोकी तेवढी मोजता येतात.

त्यात १९८४च्या एका कायद्यानं आणखी एक दार उघडलं होतं. स्थानिक पोलिसांनी केंद्राबरोबर मिळून मालमत्ता जप्त केली, तर तिच्या किमतीतला ८० टक्क्यांपर्यंत हिस्सा त्यांना परत. ज्यांनी पकडायचं त्यांच्याच तिजोरीत पकडलेला माल. याविषयी अधिक सांगायची गरज नाही.

आता १९९४कडे येऊ. बिल क्लिंटन यांनी १३ सप्टेंबरला सही केलेला गुन्हेविषयक कायदा ३० अब्जांच्या वरचा. जो बायडन तेव्हा सिनेटच्या न्यायविषयक समितीचे प्रमुख होते आणि त्यात त्यांचा मोठा वाटा होता. पोलीसभरतीला ८.८ अब्ज, तुरुंगांना ९.७ अब्ज, प्रतिबंधक कामांना ६.१ अब्ज. रात्री उशिरा तरुण पोरांना बास्केटबॉल खेळायला मैदान उघडं ठेवायचं, एवढ्याशा तरतुदीवर संसदेत केवढा गदारोळ झाला! तुरुंगांच्या अब्जांवर त्याच्या दशांशानंही झाला नाही.

पोलीसभरतीची घोषणा होती एक लाख नवे शिपाई. योजना अशी की नव्या शिपायाच्या पगाराचा ७५ टक्क्यांपर्यंत भाग केंद्र देणार, तीन वर्षांत मिळून ७५ हजार डॉलरच्या मर्यादेत. उरलेला हिस्सा गावाचा. आणि तीन वर्षांनंतर? शिपायाला कामावर ठेवायचं, पगार गावानं द्यायचा. आयजीच्या जिवावर बायजी उदार. पहिली तीन वर्षं महापौर फोटो काढतो, चौथ्या वर्षी ग्रंथालयाचे तास कमी होतात. कित्येक खेड्यांनी हे गणित मांडून पाहिलं आणि अर्जच केला नाही.

मग गुन्हे कमी झाले का? झाले. पण ते कायद्याच्या आधीपासूनच उतरू लागले होते. संसदेच्या हिशेब तपासनीसांनी २००५ साली हिशेब मांडला: १९९३ ते २००० या काळात गुन्ह्यांचं प्रमाण सुमारे २६ टक्क्यांनी घसरलं, आणि त्या घसरणीत या भरतीचा वाटा साधारण विसावा. म्हणजे उपयोग झाला, पण घोषणेइतका नाही. माझ्या मते हा कायद्यातला सर्वांत बरा भाग होता. पोलीस वस्तीत पायी फिरू लागले, लोकांशी बोलू लागले, निदान काही शहरांत. याच योजनेच्या एका फांदीनं, कोलंबाइनच्या शाळेतल्या हत्याकांडानंतर, हजारो पोलीस शाळांच्या आवारात आणून बसवले. अनुदानाची ती फांदी काही वर्षांत सुकली, शाळांतले पोलीस राहिले. पूर्वी जो खोडकरपणा मुख्याध्यापकांच्या खोलीत मिटायचा, तो बाल न्यायालयाकडे जाऊ लागला.

तुरुंगांच्या पैशाची अट जास्त कडक. हिंसक गुन्हेगाराला ठोठावलेल्या शिक्षेच्या ८५ टक्के काळ आत ठेवा, मग तुरुंग बांधायला पैसे मिळतील. लाखो माणसं तुरुंगात गेली ती याच अटीमुळे, असं नेहमी सांगितलं जातं. मला ते तितकं सरळ वाटत नाही. त्याच हिशेब तपासनीसांनी १९९८ साली, हे अनुदान मिळालेल्या २७ राज्यांकडे, तुम्ही कायदा बदललात तो या पैशासाठी का, अशी विचारणा केली. चार राज्यांनी तेच मुख्य कारण सांगितलं, अकरांनी ते अंशतः कारण असल्याचं सांगितलं, बारांनी त्याचा संबंध नाही असं उत्तर दिलं. म्हणजे बरीच राज्यं स्वतःहूनच त्या वाटेला लागली होती, केंद्रानं त्यांना वाटखर्ची दिली. पण वाटखर्ची मिळालेला प्रवासी मध्येच परत फिरत नाही. तुरुंग बांधला की तो पन्नास वर्षं भरावा लागतो.

याच कायद्यात एक ओळ होती जिच्यात पैसा द्यायचा नव्हता, काढून घ्यायचा होता. गरीब विद्यार्थ्यांना कॉलेजसाठी मिळणारं पेल अनुदान कैद्यांना बंद. कैद्यांवर जात होता तो एकूण पेल निधीच्या एक टक्क्याहून कमी. तेवढ्यानं तुरुंगांतली बहुतेक कॉलेजं वर्षा-दोन वर्षांत बंद पडली. बंदी उठवणारा कायदा २०२० साली झाला आणि अनुदान प्रत्यक्ष सुरू व्हायला जुलै २०२३ उजाडला. मधली जवळपास तीस वर्षं कोणाच्या खात्यावर मांडायची?

एवढं ऐकून केंद्राचा पैसा म्हणजे विषच, असं वाटेल. म्हणून आता त्याच्या दुसऱ्या बाजूचं एक उदाहरण देतो, आणि तिथे आपली माणसंही भेटतात.

१९८४ साली रेगन यांच्या काळात गुन्ह्याला बळी पडलेल्यांसाठी एक निधी निघाला. त्यात करदात्याचा पैसा नाही. केंद्राच्या कोर्टांत दोषी ठरणाऱ्यांचे दंड त्यात जमा होतात, आणि राज्यांमार्फत ते बलात्कारपीडितांच्या केंद्रांना, मारहाण होणाऱ्या बायकांच्या आश्रयगृहांना, खून झालेल्यांच्या कुटुंबांना जातात. १९९४च्या कायद्यातल्या स्त्रियांवरील हिंसाचारविषयक भागानं त्याला जोड दिली. याच भागानं अमेरिकन नागरिकाची किंवा कायम रहिवाशाची छळ सोसणारी परदेशी बायको नवऱ्याच्या सहीशिवाय कायम वास्तव्याचा अर्ज स्वतः करू शकेल, अशी सोय केली. न्यू जर्सीत १९८५ साली सुरू झालेली ‘मानवी’ आणि न्यूयॉर्कमध्ये १९८९ साली सुरू झालेली ‘सखी’ या दक्षिण आशियाई बायकांसाठीच्या संस्था. न्यू जर्सीत मराठी घरं किती आहेत हे इथल्या बऱ्याच जणांना ठाऊक असेल. मंडळाच्या गणपतीत नऊवारी नेसून आरतीला उभी राहणारी एखादी बाई घरी काय सोसते, हे मंडळाला कळत नाही, आणि कळलं तरी कोणी बोलत नाही. तिला आपल्या बोलीतला धीराचा शब्द आणि इमिग्रेशनचा वकील एकाच ठिकाणी मिळतो, तो अशा संस्थांत. आणि अशी कामं देशभर ज्या पैशांवर चालतात, त्यांत हा निधी मोठा आहे.

या निधीची गंमत अशी की तो फुगतो मोठ्या कंपन्यांच्या दंडांवर. डिझेल गाड्यांच्या धुराच्या चाचणीत फसवणूक केल्याबद्दल फोक्सवॅगननं २०१७मध्ये गुन्हा कबूल केला आणि २.८ अब्ज डॉलरचा फौजदारी दंड भरला. असे दंड आले की आश्रयगृहांना सुगीचे दिवस. मग सरकारी वकिलांनी कंपन्यांशी वेगळे करार करायला सुरुवात केली: खटला लांबणीवर टाकतो, तुम्ही पैसे भरा आणि सुधारा. हा पैसा दंड नव्हे म्हणून तो निधीत न जाता सरकारी तिजोरीत जाऊ लागला. मॅनहॅटनच्या काचेच्या इमारतीत दोन वकिलांनी कराराचा मसुदा बदलला की दूर कुठल्या तरी जिल्ह्यात रात्रपाळीचा फोन उचलणारी बाई कमी व्हायची. २०१८ साली संसदेनं या निधीतून खर्चाला दिलेली मर्यादा ४.४ अब्जांच्या वर होती, २०२४ साली ती १.४ अब्जांच्याही खाली आली. जुलै २०२१मध्ये दुरुस्ती होऊन करारांचे पैसेही निधीत वळवले गेले, पण आटलेली विहीर एका पावसात भरत नाही.

आता प्रिंट्झ निकालाचं वळण. २०१७ साली ट्रम्प सरकारचे ॲटर्नी जनरल जेफ सेशन्स यांनी बर्न अनुदानाला नव्या अटी जोडल्या. स्थलांतर खात्याच्या लोकांना तुमच्या कोठड्यांत येऊ द्या, आणि परदेशी कैद्याला सोडण्याआधी आम्हाला ४८ तासांची सूचना द्या. शिकागो शहर कोर्टात गेलं. शिकागोला मिळणारी रक्कम वर्षाला २५ लाख डॉलरच्या आत-बाहेर, पोलीस खात्याचा खर्च अब्जाच्या वर. पैशासाठी कोणी भांडत नव्हतं. शहराचा युक्तिवाद होता की संसदेनं न घातलेल्या अटी मंत्र्याला घालता येत नाहीत, आणि स्थानिक पोलिसांना केंद्राच्या कामाला जुंपता येत नाही. म्हणजे बंदुकीच्या कायद्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या माँटानाच्या शेरीफनं मिळवलेलं हत्यार आता उदारमतवादी शिकागोच्या हातात. २०१८मध्ये तिथल्या अपील न्यायालयानं शहराच्या बाजूनं निकाल दिला. तो लिहिणाऱ्या न्यायाधीश इलाना रोव्हनर या १९३८ साली रिगात जन्मलेल्या, लहानपणीच अमेरिकेत आलेल्या. २०२०मध्ये न्यूयॉर्कच्या अपील न्यायालयानं उलट निकाल दिला. सर्वोच्च न्यायालयानं निवाडा करण्याआधी २०२१मध्ये सरकारच बदललं आणि प्रकरणं काढून घेतली गेली. प्रश्न तसाच राहिला.

एप्रिल २०२५मध्ये न्याय खात्यानं साडेतीनशेहून अधिक अनुदानं एकदम रद्द केली. किंमत सुमारे ८० कोटी डॉलर. वस्तीत जाऊन टोळ्यांतली भांडणं मिटवणारे, सुटलेल्या कैद्यांना काम मिळवून देणारे, बळींना कोर्टात सोबत करणारे, अशा संस्था त्यांत होत्या. पत्रात कारण एवढंच, की हे काम आता खात्याच्या अग्रक्रमांत बसत नाही. अपिलाला ३० दिवस. काही अनुदानं नंतर परत मिळाली. मोठ्या शहराच्या पोलीस खात्याला असं पत्र आलं तर ते वकील लावतं. सहा माणसांच्या संस्थेला आलं तर पुढच्या महिन्याच्या पगाराचा प्रश्न उभा राहतो आणि माणसं दुसरीकडे जातात. वर्षभरानं पैसा परत आला, तरी ज्या मुलाचा त्या माणसावर विश्वास बसला होता, तो मुलगा काही परत येत नाही.

केंद्राचा पैसा असा थांबला की काय होतं, याचं आपल्याकडचं एकच उदाहरण देतो. अकराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीनं २००० साली केंद्रानं १,७३४ जलदगती न्यायालयांसाठी ५०२.९० कोटी रुपये मंजूर केले. मुदत पाच वर्षं. निवृत्त न्यायाधीश नेमले गेले, सत्र न्यायालयांतले तुंबलेले खटले त्यांच्याकडे आले आणि लाखो निकाली निघाले. मुदत २०१०पर्यंत वाढली, मग आणखी एक वर्ष. ३१ मार्च २०११ला केंद्राचा पैसा थांबला. कोर्टरूम होती, खटले होते, आरोपी कोठडीत होते. काही राज्यांनी स्वतःच्या पैशानं कोर्टं चालू ठेवली, काहींनी कुलपं लावली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. एप्रिल २०१२मध्ये न्यायालयानं सांगितलं की योजना पुढे न्यायची की नाही हे राज्यांनी ठरवावं. त्याच वर्षीच्या डिसेंबरात दिल्लीतल्या बसमध्ये जे घडलं, त्यानंतर देशभर एकच मागणी उठली, जलदगती न्यायालयं काढा. २०१३मध्ये निर्भया निधी झाला. २०१९ साली बलात्कार आणि पोक्सोच्या खटल्यांसाठी १,०२३ विशेष जलदगती न्यायालयांची योजना आली, तीही मुदतीचीच, आणि बहुतेक राज्यांसाठी खर्च केंद्र ६० आणि राज्य ४० अशा वाट्यानं. मुदतवाढी तेव्हापासून मिळत आल्या आहेत. वकिलीतली बरीच मंडळी समोर बसलेली दिसतात. त्यांतल्या ज्यांनी २०११च्या एप्रिलमध्ये जिल्हा कोर्टात काम केलं असेल, त्यांच्याकडून त्या महिन्याविषयी ऐकायला मला आवडेल. प्रश्नोत्तरांची सुरुवात तिथूनच करू.